तीन पाण्यांनी धुतलेलं

पहिली खेप सडली.
बंद पडलेल्या शाळेच्या स्वयंपाकघरात
चार दिवस वास कोंडून राहिला
आणि सुनिल्दाचा कुत्रा पातेलं चाटूनपुसून
उंबऱ्यात समाधानानं झोपला.

दुसरी आळलीच नाही.

सुनिल्दा किनाऱ्यावरची.
कमरेएवढ्या थंड पाण्यात उभी राहून
लाटांनी सोडून दिलेलं हुइरो ओढते,
तपकिरी, ओल्या चामड्याच्या वादीसारखं शेवाळ.
उपटत नाही. सुटलेलंच घेते.
म्हणते, मुळाला हात लावला
की समुद्र पुढच्या वर्षी ओळख दाखवत नाही.

एलेउतेरिओ वर डोंगरात.
शेळ्या एकेकाळी दोनशे, आता एकेचाळीस.
तहानेनं मेलेल्यांची कातडी तो विकत नाही,
भिंतीवर टांगतो, हजेरी मांडल्यासारखी.
त्यातली तीन त्यानं मला दिली.
न मोजता.
(मोजली असणार.)

आणि मी मधली,
सांतियागोहून पदवी आणि तराजू घेऊन परतलेली,
कोकिंबोच्या या कोरड्या टापूत
रोपाच्या मुळाशी पाणी धरून ठेवेल
असं काहीतरी करू म्हणणारी.
बाजारात मिळतात तसले दाणे,
खनिज तेलाच्या पोटचे,
ते नकोत, म्हणाले मी. ते मातीत वर्षानुवर्षं पाहुण्यासारखे राहतात
आणि घरचे होत नाहीत.

तर शेवाळ रात्रभर सोड्यात.
कातडं मंद आचेवर, उकळी येऊ न देता,
दिवसभर, म्हाताऱ्याची समजूत काढावी तसं.
तोंगोईच्या खानावळींतून आणलेले शिंपले
कुटून व्हिनेगरमध्ये टाकले की फसफसतात,
आणि मग त्या पाण्यात
शेवाळ-कातड्याचा चिकट रस
थेंब थेंब सोडायचा.
प्रत्येक थेंब बाहेरून थिजतो,
आतून ओला राहतो.

तिसऱ्या खेपेला तो थरथरला,
नुकत्याच व्यालेल्या शेळीचा चीक वाफवावा तसा.
सुनिल्दानं बोटानं दाबून पाहिलं.
दबला. परत वर आला.
कुणी काही बोललं नाही, कुत्र्याला मात्र बाहेर काढलं.

सदतीस खड्डे. सदतीस अल्गारोबोची रोपं.
प्रत्येकाच्या मुळाशी मूठभर.

तिसऱ्या सकाळी सगळे खड्डे उकरलेले.
रोपं बाजूला, उताणी.
शेळ्यांच्या दाढ्यांना गोळे चिकटलेले.
मीठ!
समुद्र आम्ही डोंगरावर आणला
तो त्याच्या चवीसकट.
एलेउतेरिओ हसला, मी त्याला हसताना प्रथम पाहिलं:
"झाडांचं राहू दे पोरी, हे शेळ्यांनाच विक."

म्हणजे धुवायला हवं. तीन पाण्यांनी.
पाणी वाचवायची वस्तू धुवायला पाणी.
वहीत हे कसं लिहायचं ते मला सुचेना.

कड्यावर धुक्याच्या जाळ्या आहेत,
पहाटे त्यांना दव लागतं, पिंपात ठिबकतं,
रात्रीला अकरा लिटर, कधी सात.
सुनिल्दा पहिल्यांदाच डोंगर चढून आली,
धापा टाकत, समुद्राकडे पाठ करून बसली
आणि धुऊ लागली.
पहिलं पाणी खारट, शेळ्यांना.
दुसरं झाकून ठेवलं, पुढच्या खेपेचं पहिलं म्हणून.
तिसरं तिनं चाखलं, मान हलवली,
पुन्हा चाखलं.
अकरा वर्षं पदवीधर लोक इथे येऊन
पाण्याचे आकडे सांगून गेले;
या बाईनं जिभेनं मोजलं
आणि मी तेच वहीत उतरवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी एक रोप उकरलं.
गोळे कुठेच नव्हते.
मी माती चाळणीतून चाळली, दोनदा,
हरवल्यासारखी.
होती ती फक्त मुळं, केसांहून बारीक,
जिथे मूठ होती नेमक्या त्या जागी
मुठीच्या आकारात वळलेली.

एलेउतेरिओनं चिमूटभर माती
दोन बोटांत चुरली,
ओलं बोट विजारीला पुसलं,
पलीकडच्या उघड्या उताराकडे बघत विचारलं,
"त्या तिकडे
किती कातडी लागतील?"